लेकीकडे लंडनला निघालात?

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून लंडनला जायचंय ना? मग तिकिटावरच्या वेळा नीट वाचा हं! हिवाळ्यात रात्री 2 ला निघून सकाळी 6.30 ला पोहोचायचं, म्हणजे साडेचार तासच, असं वाटतं. पण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या! तिथलं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे प्रवास खरा दहा तासांचा. अंतरच मुळी सुमारे 7,200 किलोमीटर! तेव्हा रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता पर्समध्येच ठेवा. दोन गोळ्यांमधलं अंतर कसं सांभाळायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारा. पोहोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ मात्र आपल्याच वेळेवर राहू द्या. लेकीची उस्तवार करायची, तर आपली तब्येत आधी धड हवी, नाही का?