म्हशाच्या जत्रेतला सोंगाड्या

दिवाळी अंकाची वेळ आली की संपादकांचे पत्र ठरलेले असते, "यंदा जरा हसवणारे लिहा." जणू हसवणे म्हणजे चकलीचा सोऱ्या! पीठ भरले, दाबले, की पडले वेटोळे. असे पत्र आले की मला त्या माणसांची आठवण होते, ज्यांचा हा जन्माचा धंदा होता. त्यातही एकाची विशेष होते. त्याचे नाव मला आजतागायत ठाऊक नाही.

आमचे घर शहापूरचे. वडील शाळामास्तर, त्यांना सगळे अण्णा म्हणत. शहापुरात त्या काळी मास्तर म्हणजे अर्धा फौजदार. अण्णा समोरून येताना दिसले की विटीदांडू खेळणारी पोरे विटी तिथेच टाकून पळत. घरात मोठ्याने हसायची पद्धत नव्हती. तमाशा हा शब्द तर फक्त "हा काय तमाशा लावलाय?" एवढ्याच अर्थाने ऐकू येई.

मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचे गाव आहे. तिथे पौषी पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते. बैलबाजार तर असा, की नजर पोचेल तिथवर शिंगेच शिंगे. शेजारी घोंगड्यांची पाले, मिठाईची दुकाने, पाळणे, आणि रात्री तमाशाचे फड. फडांची पंढरी म्हणजे नारायणगाव. ते माळशेज घाटाच्या वरच्या अंगाला, आणि घाट उतरले की आमचा मुरबाड तालुका.

१९६२च्या जानेवारीत आजीला घोंगडी घ्यायची म्हणून अण्णा मला घेऊन म्हशाला निघाले. किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा बैलगाडीचा प्रवास. म्हशाजवळच्या एका वाडीत मावशीचे सासर होते, तिथे मुक्काम. रात्री जेवणे झाल्यावर अण्णा म्हणाले, "मी जरा बैलबाजारात फेरी मारून येतो." आमच्या घरी सात पिढ्यांत कोणी बैल विकत घेतला नव्हता, पण मास्तरांना विचारणार कोण? ते दिसेनासे झाले तसा मामाने मला डोळा मारला, आणि आम्ही दोघे तंबूत.

तमाशाचा क्रम वाचकांना ठाऊक असेलच. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि शेवटी वग. गण गणपतीचा, गौळण कृष्णाची. पण गौळणीत पेंद्या आला की देवाचे काही खरे नसते, आणि वगात सोंगाड्या आला की राजाचे. सगळी सभा राजाला "महाराज, महाराज" करीत असते, तेव्हा "जेवलास का रं?" असे त्याला विचारणारा हाच एकटा. राजाची वाक्ये वग बांधणाऱ्याने ठरवून दिलेली असतात. सोंगाड्याची त्या रात्रीच्या गर्दीने.

त्या रात्रीचा पेंद्या साधारण चाळिशीचा, काटकुळा, कानापर्यंत टोपी ओढलेला. कृष्ण झालेला नायक म्हणाला, "पेंद्या, आज थंडी फार पडली रे!"

"फार?" पेंद्याने हात कपाळावर धरून थेट मागच्या रांगेकडे पाहिले. "आरं, मास्तरानंबी मफलरीत तोंड घातलंया! थंडीनं नव्हं, पोरं वळखतील म्हणून!"

तंबू फुटायचा बाकी राहिला. आणि त्या हशात मागून एक हसणे असे आले, की माझ्या काळजाचा ठोका चुकला. वळून पाहिले. विटकरी मफलर, त्यात बुडालेले तोंड, आणि गदगदणारे खांदे. आमचे अण्णा! अण्णांना असे हसता येते हे मला दहाव्या वर्षी म्हशाच्या जत्रेत कळले. मामाने माझी मान पुढे वळवली आणि कानात म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस."

सोंगाड्याने त्यांना कसे ओळखले, हे कोडे मला पुढे कित्येक वर्षे पडले होते. उत्तर अगदी सोपे आहे. त्याने ओळखलेच नव्हते! हेच वाक्य तो प्रत्येक जत्रेत म्हणत असला पाहिजे. कोणत्याही गावच्या जत्रेत मागच्या रांगेत मफलरीतला एक मास्तर असतोच. हे ज्याला कळले तो सोंगाड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओटीवर शेकत बसलो होतो. अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने पाणी मागितले. रंग धुतलेला, डोळे तांबारलेले. पण तो काटकुळा देह मी लगेच ओळखला. मावशीच्या सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्याने ओंजळ पुढे केली. त्यांनी हातभर वरून पाणी ओतले. तांब्या त्याच्या हातात दिला नाही. तो वाकून प्यायला, तोंड पुसले, आणि सहज ओटीकडे पाहिले. विटकरी मफलर तिथेच होता.

"थंडी कमी झाली का, मास्तर?" त्याने विचारले.

अण्णांनी मान दुसरीकडे वळवली. तो क्षणभर थांबला, हसला, आणि निघून गेला. परतीच्या सगळ्या वाटेवर अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मी बिचारा समजत होतो, मी तंबूत गेलो ते त्यांना कळले!

सोंगाड्याचे आयुष्य कसे असते ते मला नंतर समजले. पोर वयात फडात यायचे, तुणतुणे धरायचे, नाहीतर झील धरायची. गोरेगोमटे असले तर नाच्या पोऱ्या व्हायचे. आवाज फुटला की लुगडे नेसून गौळणीतली मावशी. मग पेंद्या, हवालदार, प्रधान. हंगाम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. फडमालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला रोज नवे गाव आणि रोज नवे जागरण. घरी कोणी आजारी असो की कोणी गेलेले असो, सुपारी घेतली म्हणजे रात्री लोकांना हसवायचेच. पावसाळ्यात गावी परतून पुन्हा मोलमजुरी. बहुतेक मंडळी गावकुसाबाहेरची. ओंजळीतले पाणी त्यांना नवे नव्हते.

सरकारलाही या माणसाची पंचाईतच होती. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. पुढे ती उठली, पण वगांच्या संहिता तपासून घ्यायच्या अटीवर. तपासणाऱ्यांची मला कीव येते. राजाचे भाषण तपासता येईल, राणीचे गाणे तपासता येईल. पण जो माणूस मागच्या रांगेकडे पाहून वाक्य घडवतो, त्याची संहिता आणायची कोठून?

तरी या धंद्यातल्या काहींनी नाव मिळवले. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात दोघे हवालदार होऊन उभे राहिले, की खरा कोण आणि खोटा कोण यातच सभा लोटपोट होई. त्यांच्या जोडनावानेच फड ओळखला जाऊ लागला. आणि दुसरे दादू इंदुरीकर. तळेगाव दाभाड्याजवळच्या इंदुरीचे. हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न' या वगात शापाने गाढव झालेला गंधर्व आहे, राजकन्या आहे, राजा आहे. पण लोक जात ते सावळ्या कुंभाराला पाहायला. दादू इंदुरीकरांचा सावळ्या आळशी, भित्रा, बायकोपुढे गरीब आणि राजापुढे मोठा बेरकी. त्यांच्यासमोर प्रभा शिवणेकरांची गंगी. त्यांचे भांडण रंगले की राजकन्या आत ताटकळत राहिली तरी कोणाची हरकत नसे. हा वग जत्रेच्या तंबूतून शहरातल्या नाट्यगृहात आला. १९७३ मध्ये दादूंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८०मध्ये ते गेले. पुढे प्रकाश इनामदारांनी सावळ्या रंगवला, २००७च्या चित्रपटात मकरंद अनासपुऱ्यांनी. माणसे गेली, सावळ्या राहिला.

दादूंना पुरस्कार मिळाला त्या सुमारास मी मुंबईत नोकरीला होतो. पेन्शनीत निघालेल्या अण्णांना मी 'गाढवाचं लग्न' पाहायला नेले. तिसऱ्या रांगेतली तिकिटे. आजूबाजूला इस्त्रीचे कपडे, अत्तराचे वास, गजरे माळलेल्या बायका. ज्या घरांत तमाशाचे नाव काढायची चोरी, ती सगळी घरे तिथे सहकुटुंब आलेली. अण्णांच्या गळ्यात मफलर नव्हता. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेवटी सगळ्यांबरोबर उभे राहून टाळ्याही वाजवल्या.

दादरहून कसारा गाडी धरली. कल्याण गेले, टिटवाळा गेले, तरी अण्णा गप्पच. आसनगाव जवळ आले तेव्हा पिशवी मांडीवर घेत ते एकदम म्हणाले,

"त्याला मी उत्तर द्यायला हवे होते."

कोणाला, ते मी विचारले नाही. अकरा वर्षांत त्या गोष्टीचा शब्द आमच्यात निघाला नव्हता. मी एवढेच म्हणालो, "तेव्हा मीही तंबूत होतो, अण्णा."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "मागून सगळे दिसते."

आज अण्णा नाहीत. आता विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. इंदुरीकरांसारखी माणसे पुस्तकांतून भेटतात. पण ज्यांना ना पुरस्कार ना पुस्तक, असे शेकडो सोंगाडे गावोगावच्या मास्तरांना हसवून गेले, आणि दुसऱ्या सकाळी अंगणातून ओंजळीने पाणी पिऊन पुढच्या गावाला लागले. त्यांतल्या एकाचे नाव विचारणे आमच्या घराला सहज शक्य होते. आम्ही तिथे तिघे होतो: शाळामास्तर, तांब्या धरलेल्या सासूबाई, आणि दहा वर्षांचा मी. ज्याला पाहून रात्रभर हसलो, त्याला सकाळी "या, बसा" म्हणायला मात्र एकाचीही जीभ उचलली नाही.

म्हशाची जत्रा अजून पौषात भरते. यंदा जायचे मनात असेल तर जरूर जा. मुरबाडची थंडी मोठी बोचरी, तेव्हा मफलर अवश्य बरोबर घ्या. फक्त, कोणी "थंडी कमी झाली का?" म्हणून विचारले, तर तेवढे उत्तर द्या.