इंग्रजीच्या पेपरचा हिशेब

पाटण तालुक्यात कोयना, मोरणा, केरा, तारळी या नद्यांच्या खोऱ्यांत डोंगरापर्यंत वाड्या विखुरलेल्या. तिथल्या घरांत दहावीचे वर्ष आले की मोठा घोर लागतो तो इंग्रजीचा. मुलगा नापास झाला तर त्याला पुन्हा बसवतात. मुलगी नापास झाली तर पुष्कळदा पुस्तके माळ्यावर जातात आणि स्थळे पाहणे सुरू होते. एका विषयापायी पोरीचे शिक्षण थांबावे, हे बरे नव्हे. म्हणून या खेपेस त्या पेपरचा हिशेब मांडू.

मराठी माध्यमाच्या मुलांचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. उरलेले २० गुण शाळेतल्या तोंडी व अंतर्गत परीक्षेचे. ८० गुणांची वाटणी अशी: भाषाभ्यास १०, पुस्तकातले उतारे २०, कविता १०, पुस्तकाबाहेरचा उतारा व त्याचा सारांश १५, लेखन २० आणि भाषांतर ५.

आता नीट पाहा. उतारे आणि कविता प्रश्नपत्रिकेत छापूनच येतात. म्हणजे ८० पैकी ४५ गुणांचा मजकूर मुलांच्या डोळ्यांपुढे असतो. तरी आपली मुले गाईडमधली उत्तरे घोकत बसतात! हे गुण घोकणाऱ्याला नव्हे, वाचता येणाऱ्याला मिळतात.

उतारा सोडवताना आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा. प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात शोधावा. उत्तर बहुधा त्याच्या आसपास सापडते. ‘हू’ विचारले तर माणूस, ‘व्हेअर’ला ठिकाण, ‘व्हेन’ला वेळ, ‘व्हाय’ला कारण लिहावे. प्रश्नात ‘डिड’ असेल तर उत्तरात क्रियापद भूतकाळी होते. ‘व्हेअर डिड रामू गो?’ याचे उत्तर ‘रामू वेन्ट टु द मार्केट’. तिथे ‘डिड गो’ लिहून मुले हातचा गुण घालवतात.

लेखनाच्या २० गुणांत पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यावरून माहिती लिहिणे आणि बातमी किंवा गोष्ट असे प्रकार येतात. पत्राचा पत्ता, तारीख, मायना आणि शेवट यांची जागा ठरलेली. बातमीला मथळा, ठिकाण आणि तारीख हवीच. हे साचे हातात बसले की मधला मजकूर साध्या, छोट्या वाक्यांत लिहावा. पाच लहान शुद्ध वाक्ये एका लांब चुकीच्या वाक्यापेक्षा केव्हाही चांगली. भाषांतर तर इंग्रजीतून आपल्याच मराठीत करायचे असते. ते कोरे सोडू नये.

वेळेचे गणितही सोपे आहे. एका गुणाला दोन मिनिटे धरली तर १६० मिनिटांत पेपर होतो आणि २० मिनिटे तपासायला उरतात. अडलेल्या प्रश्नापाशी थांबू नये. जागा सोडून पुढे जावे.

आई-वडील म्हणतील, ‘आम्हाला इंग्रजीचा गंध नाही, आम्ही काय करणार?’ पुष्कळ करता येईल. रात्रीची जेवणे झाली की पोरीला पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला सांगा. कुठे अडखळते ते ऐकणाऱ्याला कळते, त्याला इंग्रजी यावी लागत नाही. मग त्या पानाची गोष्ट मराठीत सांगायला लावा. सांगता आली तर समजली. नाही आली तर तेवढे वाक्य दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारू द्या. आठवड्यातून एकदा जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. त्या तीन तासांत तिला पाणी भरायला किंवा धाकट्याला सांभाळायला उठवू नका. भातकापणीच्या दिवसांत घरात माणूस कमी पडते हे खरे, पण तेवढे तीन तास तिचे राहू द्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली शेजारच्या कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती अशाच कष्टकरी घरांतल्या मुलांसाठी. शिकलेल्या आई-बापांची अट तेव्हाही नव्हती.

आणि एवढे करूनही इंग्रजी राहिलीच, तर निकालानंतर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. पुस्तके माळ्यावर टाकण्याआधी शाळेत जाऊन त्या परीक्षेचा अर्ज भरा.