समुद्रावरचे कागदी घोडे

मासेमारी नौकेतील इंजिनाच्या पट्टीवर 120 अश्वशक्ती असा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्यावर इंजिनाची किंमत ठरते, किमतीवर कर्ज ठरते आणि कर्जावर पुढील कित्येक वर्षांचे हप्ते. परंतु त्यातील किती शक्ती नौकेच्या पंख्यापर्यंत पोहोचते, हे खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी विचारतो. हा यंत्रशास्त्राचा प्रश्न म्हणून त्याकडे पाठ फिरवणे कष्टकऱ्यांच्या चळवळीस परवडणारे नाही.

अश्वशक्ती हे माप जन्मालाच विक्रीच्या पेठेत आले. आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकांस पटवण्यासाठी जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते रूढ केले. आज त्याचेही दोन प्रकार आहेत. ब्रिटिश अश्वशक्ती 745.7 वॅटची, तर मेट्रिक 735.5 वॅटची. हा फरक दीड टक्क्याहूनही कमी. खरी गफलत अन्यत्र आहे. जाहिरातीतला आकडा अनेकदा सुट्या इंजिनाच्या कमाल शक्तीचा असतो आणि ती शक्ती थोडा वेळच काढता येते. जाळे ओढणाऱ्या नौकेला तासन्‌तास भार वाहावा लागतो. तिच्या दृष्टीने खरा आकडा अखंड शक्तीचा, आणि तो कमी असतो. त्यातून पाण्याचा पंप व आल्टरनेटर आपला हिस्सा घेतात. गिअरबॉक्समध्ये आणखी 3 ते 5 टक्के जातात. शिवाय प्रमाणित चाचणी 25 अंश तापमान धरून होते. कोकण किनाऱ्यावर बंद इंजिनखोलीतील हवा त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि तापलेली हवा विरळ असल्याने शक्ती अधिकच घटते. यातील काहीही गुप्त नाही. तांत्रिक पुस्तिकेत ते सारे छापलेले असते. पण पुस्तिका इंग्रजीत आणि जाहिरात मराठीत, ही खरी मेख आहे.

फुगवलेल्या आकड्याचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. पंखा त्याच आकड्याच्या हिशेबाने बसवला, तर तो इंजिनाला झेपत नाही. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे 80 टक्क्यांवर आणले तर निम्म्या शक्तीत काम भागते, आणि शेवटचे थोडे फेरे गाठण्यासाठी उरलेली सारी शक्ती खर्ची पडते. झेपेना झालेले इंजिन काळा धूर ओकते, डिझेल अर्धवट जळते, दुरुस्ती लवकर येते. वाट्याच्या पद्धतीने चालणाऱ्या नौकांवर डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च विक्रीतून आधी वजा होतो व मग वाटे पडतात. म्हणजे इंजिन निवडण्यात ज्याचा काडीचाही हात नव्हता, त्या खलाशाच्या ताटातून हा खर्च निघतो.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात डिझेलवरील सवलतीला 120 अश्वशक्तीची मर्यादा होती. ती काढण्याची घोषणा 2023-24 च्या राज्य अर्थसंकल्पात झाली. जेथे अशी मर्यादा असते तेथे मोठे इंजिन कागदावर लहान दाखवण्याचा मोह होतो. युरोपीय समुदायाने 1986 मध्येच मासेमारी नौकांच्या इंजिनशक्तीची व्याख्या कायद्याने बांधली; पुढे 2009 च्या नियमावलीत तपासणीची तरतूदही केली, कारण तेथे आकडा कमी सांगण्यात लाभ होता. विक्रीच्या वेळी घोडे वाढतात आणि नोंदणीच्या वेळी घटतात. जे माप कोणी तपासत नाही, ते ज्याच्या त्याच्या सोयीने लांबते आणि आखडते. विक्रेत्यास माहिती व ग्राहकास अंधार असला की बाजारात वाईट माल चांगल्यास हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये मांडले. त्यावर उपाय बाजाराच्या सदिच्छेत नाही, सार्वजनिक तपासणीत आहे.

भाजीवालीच्या वजनांवर ठरावीक मुदतीने सरकारी शिक्का घ्यावा लागतो. मग लाखोंच्या कर्जाला आधार असलेला आकडा निर्मात्याच्या शब्दावर का सोडावा? आमच्या मागण्या साध्या आहेत. पट्टीवर आणि कर्जाच्या करारात दांड्यावर मिळणारी अखंड शक्ती किलोवॅटमध्ये लिहिली जावी. समुद्रात चाचणी झाल्याखेरीज सोसायटीने किंवा बँकेने विक्रेत्यास शेवटची रक्कम देऊ नये. चाचणीचे काम शासकीय तंत्रनिकेतनांकडे द्यावे.

तोवर कार्यकर्त्यांनी एक हिशेब बंदराबंदरांत सांगावा. चांगले डिझेल इंजिन पूर्ण भारावर एका अश्वशक्तीस तासाला सुमारे पाव लिटरहून थोडे कमी, म्हणजे 0.2 लिटरच्या आसपास डिझेल घेते. पूर्ण भारावर तासाला 16 लिटरच जाळणारे इंजिन 80 च्या आसपासच शक्ती देते, मग पट्टीवर 120 का कोरलेले असेना. हा हिशेब करायला अभियंता लागत नाही. मापाचा डबा आणि घड्याळ पुरते. सोसायटीच्या पुढील सर्वसाधारण सभेत तो मांडावा, आणि कागदी घोड्यांचे हप्ते आम्ही का भरावेत, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.