कपाटाची किल्ली मागा

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात बालविभाग आहे. म्हणजे कोपऱ्यातलं एक लोखंडी कपाट. काचेआडून भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ दिसतो, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ दिसतो, ‘किशोर’चे बांधून ठेवलेले अंक दिसतात. पण कपाटाला कुलूप. किल्ली मागितली, तर उत्तर आलं, “मुलं पुस्तकं फाडतात हो.”

शेवटी कपाट उघडलं. फेणे हातात घेतला. एकही पान फाटलेलं नव्हतं. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावरचा शेवटचा शिक्का होता २०११ चा. त्यानंतर पुस्तक न्यायला कुणी आलंच नाही, की आलेल्याला ते मिळालंच नाही, हे चिठ्ठी सांगत नाही.

‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ हे पालुपद आपण उठताबसता आळवतो आणि खापर मोबाईलवर फोडतो. मोबाईलचं कुलूप पाच वर्षांचं पोरही उघडतं. या कपाटाचं त्याला कोण उघडून देणार?

मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती. वा. गो. आपट्यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक काढलं. ‘बालभारती’चं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे. माधुरी पुरंदऱ्यांच्या चित्रपुस्तकांत तर अक्षरओळख नसलेलं मूलही रमतं. ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे १९६७ सालीच झाला आणि राज्यात ११ हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्राचं पहिलंच सूत्र रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलं. आपण मात्र १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तकं टेबलावर मांडतो, फोटो काढतो आणि पुन्हा कुलपात घालतो.

वाचनालयाच्या संचालकांनो, मुलांची पुस्तकं कपाटातून काढून त्यांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर ठेवा. शाळा सुटल्यावर संध्याकाळी दोन तास त्यांना तिथे लोळू द्या, चाळू द्या, अर्धवट सोडू द्या. पुस्तक फाटलं तर चिकटपट्टीने जोडता येतं. वाचायचं वय निघून गेलं, तर त्याला चिकटपट्टी नाही.

शिक्षकांनो, गोष्टीचं पुस्तक देताना लगेच ‘सारांश लिहून आण’ म्हणू नका. गोष्टीचा गृहपाठ झाला, की पोर पुढच्या गोष्टीकडे फिरकत नाही.

आणि आईबाबांनो, रात्री दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा. ऐन रंगात आलेल्या जागी थांबा. दुसऱ्या दिवशी पुस्तक कोण आधी उघडतं ते पाहा. वाढदिवसाला आणखी एक खेळणं आणण्यापेक्षा मुलाच्या नावाने वाचनालयाची वर्गणी भरा. स्वतःच्या नावाचं सभासद-कार्ड खिशात असलं, की सात वर्षांच्या पोराचीही चाल बदलते.

या शनिवारी एका मुलाचं बोट धरून आपल्या गावच्या वाचनालयात जा. स्वतःचं मूल नसेल, तर शेजारचं न्या. कपाटाला कुलूप दिसलं, तर किल्ली मागा. नाही मिळाली, तर पुढच्या शनिवारी पुन्हा मागा. पुस्तक मात्र त्यालाच निवडू द्या. आणि मागच्या चिठ्ठीवर नव्या तारखेचा शिक्का पडल्याशिवाय तिथून हलू नका.