पट्टीखाली गेलेले चित्र

वाहिन्यांचा बचाव ऐकायला वाजवी वाटतो. ब्रेक लागला की प्रेक्षक रिमोट उचलतो आणि दुसरीकडे जातो. त्यापेक्षा कार्यक्रम चालू ठेवून पडद्याच्या कडेला जाहिरात दाखवली तर गोष्ट थांबत नाही, रसभंग होत नाही आणि जाहिरातदारालाही पैशाचे मोल मिळते, असे ते म्हणतात. आजचा पडदा याच युक्तिवादातून घडला आहे. मालिकेत आई मुलीशी काही निर्वाणीचे बोलत असते आणि खालून साबणाची वडी वर येते. क्रिकेटचे षटक संपते न संपते तोच चित्र आक्रसते आणि डावीकडे व खाली मोकळ्या झालेल्या ‘एल’ आकाराच्या जागेत सिमेंट विकले जाते. चित्रपट रंगात आला की त्याच वाहिनीवरच्या दुसऱ्या मालिकेची नायिका कोपऱ्यात उभी राहून आपली वेळ सांगते. ॲस्टन, एल-बँड, पॉप-अप, स्क्रोल अशी व्यवसायातली नावे वेगवेगळी असली, तरी त्यांच्या समर्थनामागचे गृहीतक एकच आहे : पट्टी म्हणजे लहान केलेला ब्रेक. हे गृहीतकच मला चूक वाटते. पट्टी ही ब्रेकपेक्षा वेगळ्या जातीची गोष्ट आहे आणि ती ब्रेकपेक्षा वाईट आहे.

ब्रेक वेळ घेतो, पण तो कधी सुरू झाला आणि कधी संपला हे कळते. मधल्या वेळात प्रेक्षक उठतो, घरच्यांशी बोलतो किंवा जाहिरात पाहतोही. कार्यक्रम आणि विक्री यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. पट्टी तो उंबरठाच काढून टाकते. कार्यक्रम चालू आहे असे सांगत ती त्याच क्षणी त्याच्याकडचे लक्ष काढून घेते. ‘नको असेल तर दुर्लक्ष करा’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. माणसाची नजर मध्यभागी बारकावे टिपते आणि कडेला मुख्यतः हालचाल टिपते. त्यामुळे कोपऱ्यात काही हलले की ती आपल्या इच्छेला न विचारता तिकडे वळते. म्हणूनच ही ग्राफिक्स स्थिर नसतात. ती उसळतात, चमकतात, गिरकी घेतात. दुर्लक्ष होऊ नये यासाठीच जी पट्टी घडवली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची जबाबदारी प्रेक्षकावर टाकणे न्यायाचे नाही. आणि झाकले जाते ते रिकामे नसते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) डुक्कर बांधून नेले जाते, तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे रंगवलेली दिसतात. त्यांच्याविषयी कुणी एक शब्द बोलत नाही. सगळा अर्थ चौकटीत काय कुठे आहे यातून उभा राहतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) कॅमेरा बराच वेळ लांबून, न हलता पाहत राहतो आणि कडेला बसलेली माणसेही मधल्या माणसाइतकीच महत्त्वाची ठरतात. अशा चित्रावर पट्टी आली की दृश्याचा काही टक्के भाग झाकला गेला असा हिशेब करता येत नाही. वाक्यातला एक शब्द खोडला तर वाक्याचा थोडासाच भाग गेला, असे कुणी म्हणत नाही.

या वादाचा निवाडा नियमांनी केव्हाच केला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधील सातव्या नियमाचा दहावा पोटनियम सांगतो की, जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे आणि तिने कार्यक्रमात कोणत्याही प्रकारे व्यत्यय आणता कामा नये. उदाहरण म्हणून त्यात पडद्याच्या खालच्या भागात दाखवल्या जाणाऱ्या स्थिर वा सरकत्या मजकुराचाच उल्लेख आहे. म्हणजे आज घरोघरी दिसणारी गोष्टच नियमाने नाव घेऊन नाकारली आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 14 मे 2012 रोजी जे विनियम काढले, त्यांत जाहिरात पूर्ण पडद्यावरच असावी, पडद्याचा भाग व्यापणारी किंवा वरून उतरणारी नसावी, असे म्हटले होते. वाहिन्यांनी कडाडून विरोध केला आणि मार्च 2013 च्या दुरुस्तीत हे कलम गळाले. तासाला बारा मिनिटांची मर्यादा तेवढी उरली आणि तीही न्यायालयीन वादात अडकली. पण ‘ट्राय’चे कलम गेले म्हणून 1994 च्या नियमांतला पोटनियम गेला नाही. अंमलबजावणी होत नाही म्हणून नियमच कालबाह्य ठरवायचा, हा तर्क मान्य केला तर कोणताच नियम उरणार नाही.

पैशाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. फुकट दिसणाऱ्या वाहिन्या जाहिरातींवरच जगतात आणि मराठीसारख्या भाषेत चांगली मालिका काढायची तर खर्च येतोच. पण बारा मिनिटे म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा. तो जाहिरातींना दिल्यावरही उरलेल्या चार हिश्शांवर हात टाकायचा, याला गरज म्हणता येत नाही. शिवाय 2019 पासून सशुल्क वाहिन्यांची किंमत प्रेक्षक वाहिनीगणिक किंवा संचागणिक मोजतो. त्याने विकत घेतलेले चित्र दुसऱ्याला पुन्हा विकले जाते. राहता राहिला ‘लोकांना सवय झाली आहे’ हा दावा. सवय म्हणजे संमती नव्हे. बीबीसीच्या ब्रिटनमधील वाहिन्यांवर व्यापारी जाहिराती नसतात. तरीही 24 एप्रिल 2010 रोजी ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या भागाचा शेवटचा, उत्कंठेचा प्रसंग चालू असताना पुढच्या कार्यक्रमाची माहिती देणारे हलते व्यंगचित्र पडद्यावर आले. पाच हजारांहून जास्त तक्रारी आल्या आणि बीबीसीने माफी मागितली. तिथे काही विकले जात नव्हते; राग चित्रात घुसण्याचा होता. म्हणून ‘ही जाहिरात नाही, आमचाच प्रोमो आहे’ ही सबबही टिकत नाही. मुंबई दूरदर्शनवर प्रक्षेपण तुटले की ‘व्यत्यय’ अशी पाटी लागत असे. चित्र प्रेक्षकाचे आहे आणि ते तुटले, याची कबुली त्या एका शब्दात होती. आज व्यत्ययाचे दरपत्रक असते.

मग पडद्यावर काहीच लिहू नये का? तसे मुळीच नाही. क्रिकेटची धावसंख्या, बोलणाऱ्याचे नाव, परभाषेतल्या चित्रपटाची उपशीर्षके, कोपऱ्यातले फिकट, स्थिर बोधचिन्ह, हे सगळे राहावे. धावसंख्या समोरच्या सामन्यातूनच आलेली असते. ती पाहणाऱ्याला अधिक पाहायला मदत करते. याच कसोटीवर धूम्रपानाच्या इशाऱ्याचा प्रश्नही पाहता येईल. आपल्या दृश्यांवर हा इशारा नको म्हणून 2013 साली दिग्दर्शक वुडी ॲलन यांनी ‘ब्लू जास्मिन’ हा चित्रपट भारतात प्रदर्शित होऊ दिला नाही. चौकट दिग्दर्शकाची, हे त्यांचे तत्त्व मला पटते. तरीही समोरच्या सिगारेटविषयीचा, कुणाला न विकलेला इशारा आणि साबणाची वडी यांना मी एका पंक्तीत बसवणार नाही. श्रवणबाधितांसाठी कार्यक्रमांना उपशीर्षके किंवा सांकेतिक भाषा देण्याची मानके सरकारने 2019 साली काढली. ही उपशीर्षके सहसा पडद्याच्या खालच्या भागातच येतात, आणि पट्टीही तिथेच येते. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तेवढा वेळ संवादच बंद होतो.

आणि एक पट्टी कशावरूनही धावलीच पाहिजे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. अशा दिवशी मालिका असो वा सामना, खाली इशारा हवा आणि तो वाचला जायला हवा. पण त्याच जागेत वर्षानुवर्षे साबण, सिमेंट आणि साडेआठची मालिका सरकत राहिली आहे. हालचाल दिसली की नजर अजूनही तिकडे वळते. अक्षरे वाचायचे मात्र माणसाने सोडून दिलेले असते. वादळाचा इशाराही त्याच अक्षरांत येतो.