वाचलेल्याची साक्ष

तुरीनचे ज्यू रसायनशास्त्रज्ञ प्रिमो लेवी यांना फेब्रुवारी १९४४मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत नेण्यात आले, आणि तेथून जिवंत परतल्यावर त्यांनी लिहिलेले आत्मकथन मोठ्या प्रकाशकाने नाकारल्यामुळे १९४७ साली एका लहान संस्थेने छापले. वंशसंहाराची, म्हणजे एखादा मानवसमूह समूळ नष्ट करण्याच्या हेतूने केलेल्या अत्याचारांची, ही हकिकत आक्रोशाने भरलेली असेल असे वाटते. प्रत्यक्षात तेथे पावाचा तुकडा, पायाला न बसणारे बूट आणि कैद्याला स्वतःच मिळवावा लागणारा चमचा यांचे शांत, काटेकोर वर्णन आहे, आणि माणसाचे माणूसपण टप्प्याटप्प्याने कसे काढून घेतले जाते हे त्या शांतपणामुळेच असह्य स्पष्टतेने कळते.

पुढे १९८६च्या पुस्तकात लेवींनी ‘करडा प्रदेश’ ही संकल्पना मांडली: छळणारे आणि छळले जाणारे यांच्यामधला असा भाग, जेथे थोड्या जादा अन्नासाठी काही कैदीच इतर कैद्यांवर देखरेख करीत. त्यांचा निवाडा करण्याची घाई लेवी करीत नाहीत, आणि सुरक्षित घरात बसून वाचणाऱ्याने तर ती मुळीच करू नये. जानेवारी १९४५मध्ये छावणी रिकामी करताना हजारो कैद्यांना थंडीत चालवत नेले गेले, त्यांतील असंख्य मेले. लेवी मात्र आजारी असल्याने मागे राहिले आणि वाचले, म्हणूनच खरे साक्षीदार मृतच आहेत असे ते मानीत.