बेनीबाना म्हणजे करडई

चौदाव्या वर्षी मी ‘नारुतो’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहत होतो तेव्हा जपानी भाषा म्हणजे मला नुसत्या आरोळ्या वाटायच्या. पुढे जपानीच्या वर्गात गेलो आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी अडवलं: ‘ओरे’ आणि ‘ओमाए’, आपले लाडके नायक सर्रास वापरतात ते ‘मी’ आणि ‘तू’, अनोळखी माणसापुढे उच्चारायचे नाहीत. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतलं अंतर घरातच शिकलेल्या मराठी मुलाला हे लगेच पटतं. वाक्यही ओळखीचं निघालं; क्रियापद शेवटी, आणि ‘तोक्योला’मधला आपला ‘ला’ जिथे, तिथेच त्यांचा ‘नि’. कांजी ही चिन्हलिपी मात्र घाम काढते. नित्य वापराच्या सरकारी यादीतच २१३६ चिन्हं आहेत. त्या कष्टांत आवड कधी पालटली, कळलंच नाही. अ‍ॅनिमेतल्या लढाया मागे पडल्या आणि इसाओ ताकाहाता यांचा १९९१ सालचा ‘ओमोइदे पोरो पोरो’ हा अ‍ॅनिमे चित्रपट मनात घर करून राहिला. त्यात २७ वर्षांची ताएको तोक्योहून रजा काढून यामागाताच्या खेड्यात ‘बेनीबाना’ची फुलं वेचायला जाते, आणि पाचवीतली ताएको तिच्या आठवणीतून सोबत निघते. बेनीबाना म्हणजे आपली करडई, हे समजलं तेव्हा सोलापूरकडची काटेरी, पिवळी शेतं डोळ्यांपुढे उभी राहिली. पंधराव्या वर्षी हाच चित्रपट मी दहा मिनिटांत बंद केला होता. तुमच्या घरातलं पोर आज त्या आरोळ्यांत रमलं असेल तर त्याला हिणवू नका. ‘जपानीची हिरागाना लिपी शिकायचीय’ म्हणालं, तर त्याच दिवशी वही आणून द्या.